लेनाच्या पैलतीरावरील मोटार

ईशान्य सैबेरियातील साखा, म्हणजेच याकुतिया, या प्रजासत्ताकाची राजधानी असलेले याकुत्स्क हे शहर लेना नदीच्या डाव्या काठावर, ६२ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असून साडेतीन लाखांहून अधिक लोकवस्ती, विद्यापीठ, नाट्यगृहे, गोठलेल्या भूमीच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था आणि संध्याकाळच्या वेळची वाहनांची कोंडी ही सारी नागर लक्षणे त्याच्या ठायी आढळतात. या कोंडीत उभी असलेली बहुतेक प्रत्येक मोटार मात्र हजारो किलोमीटर दूरवरून, समुद्र, लोहमार्ग, सडक आणि सर्वांत शेवटी नदी ओलांडून तेथवर पोहोचलेली असते. जानेवारीतील सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास असलेल्या आणि ५ फेब्रुवारी १८९१ रोजी उणे ६४.४ अंशांची नोंद झालेल्या या ठिकाणी मोटार नेणे अवघड असणार, आणि त्याचे कारण थंडी हेच असणार, असे दूरच्या वाचकाला सहज वाटते. प्रत्यक्षात त्या मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानात येते ते याच्या नेमके उलट आहे. थंडी मोटारीच्या यंत्राला छळते हे खरे असले, तरी मोटार शहरापर्यंत पोहोचवण्याचे काम थंडीच सुकर करते, आणि शहर जगापासून खरोखर तुटते ते बर्फ वितळू लागल्यावर.

या मोटारींचा मोठा भाग जपानमधून येतो, त्यामुळे प्रवासाचा आरंभही तेथूनच मानला पाहिजे. जपानमध्ये खासगी मोटारीला 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी करून घ्यावी लागते. नव्या गाडीला ती तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी लागू होते. तपासणी, कर आणि विमा यांचा एकत्रित खर्च एवढा होतो की धडधाकट गाडीही मालक पुढच्या शाकेनपूर्वी विकून टाकणे पसंत करतो, आणि अशा गाड्या व्यापाऱ्यांसाठीच्या साप्ताहिक लिलावांत येतात. तेथे प्रत्येक गाडीसोबत एक तपासणी-पत्रक असते. त्यावर गाडीची आकृती काढून ओरखडे, पोचे, गंज आणि बदललेले भाग खुणांनी दाखवलेले असतात, एकंदर अवस्थेला गुणांक दिलेला असतो आणि अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीपुढे रोमन लिपीतील 'आर' हे अक्षर असते. व्लादिवोस्तोकमध्ये बसलेला दलाल आणि याकुत्स्कमध्ये बसलेले गिऱ्हाईक हे दोघेही गाडीला हात न लावता केवळ या पत्रकावर विसंबून निर्णय घेतात. दोन देशांतील राजकीय संबंध कसेही असोत, एका कागदावरील हा विश्वास तीन दशकांहून अधिक काळ टिकला आहे, आणि या व्यापारातील ही बाब प्रस्तुत लेखकाला सर्वांत उल्लेखनीय वाटते.

याकुत्स्कचा जाणता ग्राहक पत्रकावर आणखी एक गोष्ट शोधतो. जपानी कंपन्या होक्काइदो आणि इतर हिमप्रदेशांसाठी आपल्या गाड्यांची 'कानरेइची शियो', म्हणजे थंड प्रदेशासाठीची आवृत्ती, तयार करतात. तिच्यात बॅटरी मोठी असते, इंजिन सुरू करणारा स्टार्टर अधिक जोरकस असतो, काच पुसणाऱ्या वायपरची मोटर बळकट असते आणि रेडिएटरमधील द्रवात गोठणरोधक ग्लायकॉलचे प्रमाण अधिक असते. सर्वसाधारण जपानी गाडीत हे प्रमाण सुमारे ३० टक्के असते आणि तो द्रव उणे १५ अंशांच्या आसपास गोठू लागतो. थंड आवृत्तीत ते ५० टक्के असल्याने उणे ३५ अंशांपर्यंत निभावते. याकुत्स्कला तेही अपुरे पडते. तेथे हे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे न्यावे लागते, मात्र त्यालाही मर्यादा आहे, कारण शुद्ध ग्लायकॉल हे ग्लायकॉल-पाण्याच्या योग्य मिश्रणापेक्षा बरेच आधी गोठते. हिमप्रदेशातील गाडी घेण्यात एक तोटाही असतो. त्या भागातील रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्यामुळे गाडीचा तळ गंजलेला असण्याची शक्यता वाढते. खुद्द याकुत्स्कमध्ये भर हिवाळ्यात मीठ निरुपयोगी ठरते, कारण मिठाचे पाणीही उणे २१ अंशांच्या खाली द्रवरूप राहत नाही. त्यामुळे जपानी किनाऱ्यावर सुरू झालेला गंज याकुत्स्कच्या कोरड्या थंडीत फारसा पसरत नाही.

जपान समुद्राच्या काठावर, तोयामा प्रांतात, फुशिकी हे बंदर आहे. रशियन लाकूड उतरवून घेणाऱ्या या बंदरात परतीच्या जहाजांवर मोटारी चढू लागल्या त्या सोव्हिएत काळाच्या अखेरीस, जेव्हा खलाशांना परदेशातून स्वतःपुरती एखादी गाडी आणण्याची मुभा मिळाली. नौदलाचा तळ म्हणून परदेशीयांना बंद असलेले व्लादिवोस्तोक १९९२ साली खुले झाले आणि खलाशांच्या या उपउद्योगाचे रूपांतर पाहता पाहता एका अख्ख्या प्रदेशाच्या उपजीविकेत झाले. फुशिकीहून निघालेले जहाज साधारण दोन दिवसांत व्लादिवोस्तोकच्या सोनेरी शिंग नावाच्या खाडीत शिरते, आणि शहराच्या टेकडीवर 'झेल्योनी ऊगोल', अर्थात हिरवा कोपरा, या नावाने ओळखला जाणारा वापरलेल्या मोटारींचा विस्तीर्ण बाजार दीर्घकाळ या व्यापाराचे दृश्य केंद्र राहिला. भारतानेही २००१ साली वापरलेल्या मोटारींच्या आयातीस दार किलकिले केले होते. गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे सुकाणू उजवीकडे असावे आणि ती केवळ मुंबई बंदरातच उतरावी, अशा अटी त्यासाठी होत्या. जपानी गाडी या अटींत चपखल बसत असूनही जबर आयातकरामुळे मुंबईच्या गोदीभोवती असा कोणताही हिरवा कोपरा उभा राहिला नाही. व्लादिवोस्तोकचे भाग्य उघडले ते समुद्र अरुंद असल्यामुळे तर खरेच, पण तेवढेच त्या काळी कर सौम्य असल्यामुळेही.

पुढे तोही कडक झाला. मध्य रशियातील मोटार कारखान्यांना संरक्षण देण्यासाठी जानेवारी २००९ पासून वापरलेल्या मोटारींवरील आयातकर वाढवण्याचे ठरले, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये व्लादिवोस्तोकचे नागरिक रस्त्यावर उतरले आणि बाहेरून आणलेल्या पोलिस दलाने ती निदर्शने मोडून काढली. कराची रचना अशी आहे की व्यक्तिगत वापरासाठी आणलेल्या, तीन ते पाच वर्षे वयाच्या गाडीवर इंजिनाच्या आकारमानानुसार तुलनेने माफक कर पडतो आणि पाच वर्षे ओलांडताच तो एकदम वाढतो. त्यामुळे जपानी लिलावात चार वर्षांच्या गाडीला मागणी येते आणि सहा वर्षांची तशीच गाडी पडून राहते. कर चुकवण्यासाठी गाडीचे सुटे भाग करून ते भाग म्हणूनच आणायचे आणि येथे पुन्हा जुळवायचे, अशी एक प्रथाही काही काळ चालली, आणि अशा गाडीला बाजारात 'कन्स्त्रुक्तोर' म्हणत. ऑगस्ट २०२३ मध्ये जपाननेच १९०० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या, तसेच हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींची रशियाकडील निर्यात बंद केली. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणारी गाडी, आणि तिला सैबेरियात मोठी मागणी होती. तेव्हापासून जहाजांवर लहान इंजिनाच्या गाड्या दिसतात आणि उरलेली जागा चीनमधून येणाऱ्या डाव्या सुकाणूच्या गाड्या घेऊ लागल्या आहेत.

सीमाशुल्क, प्रयोगशाळेचा सुरक्षितता-दाखला आणि वाहनाची नोंदपत्रे हे सोपस्कार उरकले की गाडीपुढे याकुत्स्कला जाण्याचे तीन मार्ग असतात. एक, तिला ट्रकच्या दुमजली मोटारवाहक ट्रेलरवर चढवणे. दुसरा, रेल्वेच्या जाळीदार दुमजली डब्यात किंवा बंद कंटेनरमध्ये घालणे. आणि तिसरा, जो सर्वांत जुना आहे, तो म्हणजे चालकाकरवी ती थेट चालवत नेणे. या चालवत नेण्याला 'पेरेगोन' आणि तो व्यवसाय करणाऱ्याला 'पेरेगोनश्चिक' म्हणतात. १९९० च्या दशकात या चालकांचे तांडे पूर्वेकडून पश्चिमेकडे निघत. गाडीच्या तोंडावर पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावलेली असे, कारण समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून उडणारा दगड ही वाटेतली नित्याची गोष्ट होती, आणि निर्मनुष्य टप्प्यांवर खंडणी मागणारे टोळीवाले हीदेखील. आज रेल्वे आणि ट्रेलर यांनी हा व्यवसाय बराच आक्रसला असला तरी तो संपलेला नाही, कारण ट्रेलर भरेपर्यंत वाट पाहावी लागते आणि रेल्वेचा डबा कधी जुळणीच्या फलाटावर आठवडाभर रखडतो, उलट माणूस मात्र सांगितल्या दिवशी निघतो.

व्लादिवोस्तोकहून उत्तरेस खाबारोव्स्कपर्यंतचा सुमारे साडेसातशे किलोमीटरांचा पट्टा वस्तीचा आहे. तेथून पश्चिमेस चिता शहराकडे जाणारा सुमारे २१०० किलोमीटर लांबीचा अमूर महामार्ग लागतो. हा रस्ता सलग डांबरी झाला तो २०१० मध्ये, आणि त्या वर्षी तत्कालीन पंतप्रधान व्लादिमिर पुतिन यांनी पिवळ्या रंगाची लादा कालिना ही रशियन बनावटीची मोटार या रस्त्यावरून चालवून त्याचा गाजावाजा केला. ज्या रस्त्यावर तोवर जपानी गाड्यांचेच राज्य होते त्यावर देशी गाडीचे हे प्रदर्शन घडावे, यातला विनोद स्थानिक चालकांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही. महामार्गाच्या जवळपास मध्यावर, स्कोवोरोदिनोजवळ, नेवेर हे छोटे गाव आहे, आणि तेथून उजवीकडे, सरळ उत्तरेला, 'लेना' याच नावाचा महामार्ग फुटतो. येथपासून याकुत्स्कच्या समोरील काठापर्यंतचे अंतर ११५७ किलोमीटर भरते.

लेना महामार्ग तिंदा, नेर्युंग्री, अल्दान आणि तोम्मोत या वस्त्यांना जोडत स्तानोवोय पर्वतरांगा ओलांडतो. या प्रदेशाखाली 'चिरतुहिन' भूमी आहे. सलग दोन वर्षांहून अधिक काळ शून्याखालीच राहणाऱ्या जमिनीला हे नाव देतात. उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा मीटर-दोन मीटरांचा थर वितळतो आणि त्याचे पाणी खालच्या गोठलेल्या थरामुळे मुरू शकत नाही, म्हणून वरची माती चिखल होऊन बसते. २००६ च्या उन्हाळ्यात याकुत्स्कच्या अलीकडच्या टप्प्यावर पावसाने असा चिखल माजला की शेकडो वाहने आसापर्यंत रुतली, त्यांची छायाचित्रे जगभर फिरली आणि जगातील सर्वांत वाईट रस्ता हे बिरुद या महामार्गाला चिकटले. त्या छायाचित्रांखाली सैबेरियाची भीषणता अशा आशयाच्या ओळी छापल्या गेल्या, पण ती छायाचित्रे भर उन्हाळ्यातली होती याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हाच रस्ता जानेवारीत दगडासारखा टणक असे आणि त्यावरून अवजड ट्रक बिनतक्रार जात. त्यानंतरच्या वर्षांत त्याचा बहुतेक भाग डांबरी झाला, तथापि डांबराखालची जमीन जागोजागी उचलते वा खचते, आणि त्यामुळे नव्या रस्त्यावरही गाडी अचानक हेलकावे खाते. काळे डांबर ऊन शोषून खालचे बर्फ वितळवायला स्वतःच हातभार लावते, ही अडचण अभियंत्यांना खडीचे उंच भराव घालूनही पुरती सोडवता आलेली नाही.

रस्त्याला कमीअधिक समांतर अमूर-याकुत्स्क लोहमार्ग जातो आणि त्याचा इतिहास खडतर आहे. ट्रान्स-सैबेरियन मार्गावरील बामोव्स्काया स्थानकापासून तिंदापर्यंतचा त्याचा पहिला तुकडा १९३० च्या दशकात कैद्यांच्या श्रमांतून घातला गेला, आणि महायुद्धात व्होल्गाकाठी तातडीने मार्ग बांधण्यासाठी तेच रूळ उखडून नेण्यात आले. ते पुन्हा घातले गेले १९७० च्या दशकात. उत्तरेकडे सरकत रूळ लेनाच्या उजव्या काठावरील निझ्नी बेस्त्याख येथे पोहोचले ते २०११ मध्ये, आणि प्रवासी गाड्या तेथवर धावू लागल्या त्या २०१९ मध्ये. त्यापूर्वी याकुत्स्कची बहुतेक रसद, तीत मोटारीही आल्या, बैकाल-अमूर मार्गावरील उस्त-कूत शहरातील ओसेत्रोवो या नदीबंदरात तराफ्यांवर चढवून लेनाच्या प्रवाहाबरोबर सुमारे दोन हजार किलोमीटर खाली आणली जाई. तो मार्ग आजही वापरात आहे, पण नदी वाहती असते तेवढ्या चार-पाच महिन्यांपुरताच.

अशा रीतीने सडक आणि रूळ, दोन्ही, शहराच्या समोर येऊन थांबतात. निझ्नी बेस्त्याख ही वस्ती म्हणजे गोदामे, इंधनाच्या टाक्या, ट्रकतळ आणि वाट पाहणाऱ्या वाहनांच्या रांगा एवढेच आहे. येथूनच मागादानकडे जाणारा, श्रमछावण्यांतील कैद्यांच्या हाडांवर बांधला गेला असे ज्याबद्दल म्हणतात तो कोलिमा महामार्गही सुरू होतो. शहर पलीकडे का, याचे उत्तर सतराव्या शतकात सापडते. कोसॅक सरदार प्योत्र बेकेतोव याने १६३२ साली लाकडी गढी बांधली ती उजव्याच काठावर, म्हणजे आज जेथे रूळ आणि सडक येतात त्याच बाजूला. पण दहा-अकरा वर्षांत ती हलवून डाव्या काठावरील तुयमादा खोऱ्यात नेण्यात आली, जेथे याकुत लोकांची कुरणे होती. त्या काळी नदी हाच रस्ता असल्यामुळे काठ कोणता याने काही बिघडत नव्हते. कित्येक पिढ्यांनंतर मोटार आणि आगगाडी दक्षिणेकडून आल्या तेव्हा मात्र त्या जुन्या निर्णयाची किंमत दर वर्षी नव्याने मोजावी लागू लागली.

लेना येथे बेटे आणि वाळूपट्ट्यांनी फुटलेली, कित्येक किलोमीटर रुंद नदी आहे. मेच्या उत्तरार्धात तिचे बर्फ फुटते आणि मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढत वाहू लागतात; जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मोटारी वाहून नेणारे तराफे, म्हणजे फेरी, चालतात; ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुन्हा बर्फाचे तुकडे तरंगू लागतात आणि नोव्हेंबरमध्ये नदी थिजते; आणि डिसेंबरपासून साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत बर्फावरून रस्ता चालतो. उन्हाळ्यातील फेरी पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते, कारण शरद ऋतूत पाणी उतरले की तिला वाळूपट्टे टाळत लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि काठावरील रांग कधी दिवसभराची होते. संधिकाळाच्या दोन खंडांत, शरदात आणि वसंतात, माणसे हवेच्या उशीवर सरकणाऱ्या होवरक्राफ्टने पार होतात, पण मोटारीला मार्गच नसतो. विमानाने ती नेता येते, परंतु तो खर्च सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातला नाही. म्हणून व्लादिवोस्तोकचा जाणता दलाल गाडी कधी निघेल हे सांगण्याआधी ती लेनाच्या काठावर कोणत्या तारखेला पोहोचेल याचा हिशेब करतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघालेली गाडी आणि शेवटच्या आठवड्यात निघालेली गाडी यांच्या पोहोचण्यात पाच-सहा आठवड्यांचे अंतर पडू शकते.

बर्फावरील रस्त्याला रशियनमध्ये 'झिम्निक' म्हणतात, आणि तो आपोआप तयार होत नाही. बर्फावर साचलेला हिम हा पांघरुणासारखा थंडी अडवतो, त्यामुळे खालचे बर्फ जाड होण्यासाठी आधी तो खरवडून काढावा लागतो. नंतर छिद्रे पाडून नदीचेच पाणी वर ओततात आणि ते थरांनी गोठवतात. हलक्या मोटारीला पाव मीटरहून थोडी अधिक जाडी पुरते. जाडी वाढेल तशी काठावरील फलकावर अनुज्ञेय वजनाची मर्यादा वाढत जाते आणि शेवटी अवजड ट्रकही सोडले जातात. याकुत्स्क ते निझ्नी बेस्त्याख आणि थोडे दक्षिणेस खातास्सी ते पाव्लोव्स्क, असे दोन मुख्य बर्फमार्ग दर हिवाळ्यात आखले जातात. त्यांवर दुसऱ्या वाहनाला ओलांडून पुढे जाणे, थांबणे आणि दोन वाहनांतील ठरलेले अंतर मोडणे निषिद्ध असते, आणि इतरत्र सक्तीचा असलेला सुरक्षापट्टा येथे सोडून ठेवावा लागतो, कारण बर्फ फुटले तर पहिली गरज बाहेर उडी मारण्याची असते.

वेगावरील बंधनामागचे शास्त्र थोडे खोलात जाऊन पाहण्याजोगे आहे. तरंगणारे बर्फ वाहनाच्या भाराखाली किंचित वाकते आणि वाहनाबरोबर त्या वाकाची एक लाट बर्फाखालील पाण्यातून सरकत जाते. वाहनाचा वेग आणि या लाटेचा स्वाभाविक वेग एक झाले की लाट मागे पडत नाही, साचत जाते आणि जे बर्फ स्थिर भार सहज पेलते तेही तडकते. उथळ पाण्यात लाटेचा हा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाच मीटर खोलीला तो ताशी सुमारे २५ किलोमीटर भरतो, म्हणजे काठाजवळ, जेथे चालकाला आता पोहोचलोच असे वाटून वेग वाढवण्याचा मोह होतो, तेथेच तो सर्वांत घातक ठरतो. या घटनेचा पद्धतशीर अभ्यास झाला तो वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जेव्हा लादोगा सरोवरावरील बर्फमार्गाने शहराला धान्य पुरवले जात होते आणि हलके ट्रक बुडत असताना जड ट्रक पार होत होते. पावेल कोबेको यांच्या मार्गदर्शनाखालील भौतिकशास्त्रज्ञांनी बर्फाचे वाकणे नोंदवणारे उपकरण तयार करून त्याचा उलगडा केला. लेनावरील वेगमर्यादेच्या फलकामागे त्या उपासमारीच्या हिवाळ्यातील विज्ञान उभे आहे.

गाडी शहरात पोहोचली म्हणजे तिचे स्थलांतर पूर्ण झाले असे नाही. उणे ४५ अंशांत बॅटरीची क्षमता अर्ध्याहून खाली येते, शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल घट्ट होते, प्लास्टिक तडे जाऊन फुटते आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटाच राहतो, त्यामुळे सकाळचा पहिला किलोमीटर गाडी खडकावरून चाललेल्या बैलगाडीसारखी ठेचकाळत जाते. येथील कारागीर प्रत्येक खिडकीच्या काचेवर आतून दुसरी पारदर्शक काच वा पत्रा चिकटवतात, म्हणजे मधल्या हवेच्या थरामुळे श्वासाचे बाष्प काचेवर गोठत नाही. बॉनेटखाली इंजिनावर जाड रजई पसरतात. इंजिनातील द्रव आधी तापवणारा स्वतंत्र हीटर बसवतात. आणि ठरावीक वेळाने किंवा तापमान ठरावीक अंशांखाली गेले की इंजिन आपोआप सुरू करणारे यंत्र लावतात. ज्यांच्याकडे ऊबदार गॅरेज नाही असे पुष्कळ जण गाडी कमानीसारख्या ताडपत्री-तंबूत उभी करतात, आणि काही जण कामावर असताना इंजिन बंदच करत नाहीत. या असंख्य चालत्या इंजिनांचे बाष्प उणे ४० च्या खाली हवेतच गोठून दाट धुके बनते, आणि मग समोरची मोटार दिसत नाही ती मुख्यतः मोटारींमुळेच.

डावीकडून चालणाऱ्या भारतातून गेलेल्या प्रवाशाला येथे एक चमत्कारिक अनुभव येतो. उजव्या बाजूचे सुकाणू त्याला अगदी घरचे वाटते, पण वाहतूक मात्र रस्त्याच्या उजवीकडून चालते, त्यामुळे चालक कडेच्या बाजूला बसतो आणि पुढच्या ट्रकला ओलांडताना त्याला समोरून येणारे वाहन दिसतच नाही. शेजारी बसलेल्याला मग डोकावून सांगावे लागते, आणि हे काम येथे मुलेही लहानपणीच शिकतात. जपानी दिव्यांचा झोत डावीकडे झुकवलेला असल्याने तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नियमाने ते दिवे बदलावे लागतात आणि बदललेले नसतात तेव्हा रात्रीच्या महामार्गावर ते लगेच ओळखू येतात. एवढे असूनही याकुतियात उजव्या सुकाणूचीच गाडी दीर्घकाळ बहुसंख्य राहिली, कारण भरवशाचे इंजिन आणि सहज मिळणारे सुटे भाग यांपुढे आसनाची बाजू ही गौण गोष्ट ठरली.

उलट दिशेची वाहतूकही लक्षात घेण्याजोगी आहे. नोकरी संपवून दक्षिणेकडे वा पश्चिम रशियात स्थायिक होण्यासाठी निघालेली कुटुंबे आपली गाडी निझ्नी बेस्त्याखहून रेल्वेने पाठवतात किंवा मार्च महिन्यात, बर्फ सर्वांत जाड आणि दिवस मोठा असताना, स्वतः चालवत नेतात. मे अखेरीस निरोप घेणाऱ्यांना ही सोय नसते. ते विमानाने पुढे जातात आणि गाडी एखाद्या नातेवाइकाकडे सोपवून फेरी सुरू होण्याची वाट पाहतात. शहराच्या दक्षिणेस तबागा येथे लेनावर पूल बांधण्याचे काम हाती घेतले गेले असून, तो वाहतुकीस खुला झाल्यावर हे तारखांचे गणित बदलेल. दक्षिणेकडे आलेली याकुत्स्कची गाडी तिथल्या बाजारात घेणारा ग्राहक मात्र किलोमीटरच्या आकड्यावर भुलत नाही. हिवाळ्यात उभ्या उभ्या चाललेल्या इंजिनाने जे तास खर्ची घातले ते त्या आकड्यात उमटलेले नसतात, म्हणून तो बॉनेट उघडायला लावतो, तेलाची काडी काढून पाहतो, खिडक्यांवरील दुहेरी काचेच्या डिंकाच्या खुणा तपासतो आणि त्यानंतरच किमतीची भाषा सुरू करतो.